कानाचं ऑपरेशन: पडदा बसणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत



पावसाळा लागला की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाच्या लेकराचा कान फुटलेला असतो, कुणाच्या कानातून पाणी येत असतं, कुणाला कानात सारखा आवाज येतो. अंतर्गत कर्जाच्या मागणीत कारण नुसतं "दवाखाना" लिहिलेलं असतं. विचारलं तर कळतं, "डॉक्टर म्हणले पडदा फाटलाय, ऑपरेशन करा." किती खर्च येईल हे सगळ्या विचारतात. पण ऑपरेशननंतर ऐकू किती येईल, हे विचारणारी ताई मला क्वचितच भेटली. प्रश्न तर तोच महत्त्वाचा आहे. म्हणून या अंकात कानाचं ऑपरेशन, त्यावर झालेलं संशोधन आणि आपण डॉक्टरांना काय विचारायचं, हे सोप्या भाषेत मांडते आहे.

हा विषय घराच्या उंबऱ्याआतला वाटतो, पण गटाशीही त्याचा संबंध आहे. ज्या बाईला कमी ऐकू येतं ती बैठकीत मागं बसते. ठराव काय झाला, व्याज किती ठरलं, हप्ता कधी, हे तिच्या कानापर्यंत पोचत नाही. सगळ्या सही करतात म्हणून ती पण सही करते. घरी तिला "लक्ष देत नाही", "मुद्दाम करते" असं ऐकावं लागतं. तिला मंद समजलं जातं, आणि हळूहळू ती बैठकीला यायचंच बंद करते. ऐकू न येणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मनावर घेतलं जात नाही.

आपण ऐकतो कसं?

कानाचे तीन भाग समजून घ्या.

पहिला भाग बाहेरचा. दिसणारा कान आणि आतली नळी. नळीच्या शेवटी एक पातळ पडदा असतो. ढोलकीला पान असतं ना, तसा. आवाज आला की हा पडदा हलतो.

दुसरा भाग पडद्याच्या मागं. तिथं तीन बारीक हाडं एकमेकांना जोडलेली असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी आहेत. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, साधारण तीन मिलिमीटरचं. पडदा हलला की ही हाडं हलतात आणि आवाज आत ढकलतात.

तिसरा भाग सगळ्यात आतला. तो गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असतो. त्यात पाणी असतं आणि बारीक केसासारख्या पेशी असतात. इथं आवाजाचा विजेसारखा संदेश होतो आणि नसेतून मेंदूकडे जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. पडदा किंवा हाडं बिघडली तर तो रस्त्याचा बिघाड झाला. रस्ता दुरुस्त करता येतो, तिथं ऑपरेशन कामाला येतं. आतला शंख किंवा नस बिघडली तर पडद्याचं ऑपरेशन करून ऐकू येत नाही. तिथं कानाचं मशीन लागतं. बहिरेपणा फारच जास्त असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट लागतं. म्हणजे "बहिरेपणा आहे, ऑपरेशन करून टाकू" असं सरसकट म्हणता येत नाही. आधी बिघाड कुठं आहे ते कळायला पाहिजे.

बिघाड कुठं आहे हे कळतं कसं?

यासाठी ऑडिओमेट्री नावाची तपासणी असते. सुई नाही, रक्त नाही, दुखत नाही. शांत खोलीत बसवतात आणि दोन पद्धतीनं आवाज देतात.

एकदा हेडफोन लावून. हा आवाज नळी, पडदा, हाडं असा पूर्ण रस्ता चालून आत जातो.

दुसऱ्यांदा कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवून. हा आवाज पडदा आणि बारीक हाडांना वगळून थेट आतल्या शंखात जातो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण 30 डेसिबल, नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबल. तपासणीत जेवढा आकडा मोठा, तेवढं कमी ऐकू येतं असं समजा. कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल खूण असते, डाव्या कानासाठी निळी फुली.

एक उदाहरण बघू. समजा एका ताईला हेडफोननं 50 डेसिबलचा आवाज ऐकू आला, पण हाडावरच्या यंत्रानं 15 डेसिबललाच ऐकू आला. म्हणजे आतला शंख चांगला आहे, बिघाड रस्त्यात आहे. दोन आकड्यांतला फरक 35. ऑपरेशननं जे काही परत मिळू शकतं ते या 35 मधलंच.

दुसरी ताई. तिला हेडफोननं 60 आणि हाडावरच्या यंत्रानं 55. फरक फक्त 5. तिचा पडदा फाटलेला असला आणि तो कितीही छान बसवला, तरी ऐकण्यात मोठा फरक पडणार नाही, कारण बिघाड आत आहे. तिला मशीनचा उपयोग जास्त.

ताईंनो, बाकीचं विसरलात तरी चालेल, पण हा "फरक" लक्षात ठेवा. डॉक्टरांना विचारा, "साहेब, दोन रेघांमध्ये फरक किती आहे?" जगभरातले संशोधक ऑपरेशनचा निकाल मोजताना हाच फरक आधी आणि नंतर बघतात. चार वेगवेगळ्या सुरांवर मोजून त्याची सरासरी काढतात. फरक 20 डेसिबलच्या आत आला तर बऱ्याच अभ्यासांत ऐकण्याच्या दृष्टीनं ऑपरेशन यशस्वी धरतात.

पडद्याचं ऑपरेशन म्हणजे काय करतात?

याला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. 1950 च्या दशकात जर्मनीतल्या वुलस्टाइन आणि झोल्नर या दोन डॉक्टरांनी ही पद्धत रुळवली. सुरुवातीला कातडीचा तुकडा लावायचे. पुढे कानाच्या वरच्या बाजूला, कानशिलातल्या स्नायूवर जे पातळ आवरण असतं, त्याचा तुकडा वापरायला लागले. आजही बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. आपल्याच शरीराचा तुकडा असल्यामुळे शरीर तो स्वीकारतं. पदराला आतून ठिगळ लावावं तसा तो छिद्रावर लावतात, आणि काही आठवड्यांत पडदा त्याला धरून भरून येतो.

काही ठिकाणी कानामागं चीर देऊन सूक्ष्मदर्शकातून करतात, काही ठिकाणी कानाच्या नळीतूनच दुर्बिणीनं करतात. या दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पडदा बसण्याचं प्रमाण साधारण सारखंच आलं आहे. दुर्बिणीत चीर छोटी आणि दुखणं कमी. तेव्हा "दुर्बिणीचं म्हणजे भारी, म्हणून जास्त पैसे" एवढ्यावर कर्ज काढायची गरज नाही. डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे ते जास्त महत्त्वाचं.

संशोधन काय सांगतं?

2016 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पडद्याच्या ऑपरेशनचे 214 अभ्यास आणि 26 हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली होती. वर्षभरानंतर शंभरातल्या सरासरी 86-87 जणांचा पडदा टिकून होता. लहान मुलांमध्ये हे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा थोडं कमी होतं. म्हणजे ऑपरेशन भरवशाचं आहे, पण शंभरातल्या तेरा-चौदा जणांचा पडदा परत उघडा राहतो हे पण खरं.

पण हा आकडा पडदा बसण्याचा आहे, ऐकू येण्याचा नाही. इथं आपल्याला सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट आठवा. पेरणीआधी आपण सोयाबीनची उगवण चाचणी घेतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सत्तर उगवले तर बी चांगलं. पण उगवण चांगली आली म्हणजे उतारा चांगला येईलच असं आपण धरत नाही. पाऊस, जमीन, रोग सगळं मधे आहे. तसंच इथं. पडदा बसला ही उगवण झाली. ऐकू आलं तर तो उतारा. बहुतेक अभ्यासांत पडदा बसणाऱ्यांपेक्षा ऐकणं चांगलं सुधारणाऱ्यांचं प्रमाण कमीच असतं. पडदा बसला तरी आतली हाडं झिजलेली असतील, किंवा वर्षानुवर्षं पू वाहून आतला शंखही दुबळा झाला असेल, तर ऐकू कमीच येतं.

म्हणून कुणी "आमच्याकडं शंभरात पंच्याण्णव टक्के यश" म्हणालं तर शांतपणे विचारायचं, "यश म्हणजे पडदा बसतो की ऐकू येतं?"

आणखी एक गोष्ट. उगवण चाचणीत शंभर दाणे ठेवले, त्यातले तीस हरवले आणि उरलेल्या सत्तरातच हिशोब केला तर तो हिशोब खरा धरायचा का? ऑपरेशनच्या अभ्यासात पण हेच होतं. बरेच रुग्ण नंतर तपासणीला येतच नाहीत. कुणाला गाडीभाडं नसतं, कुणाची कापूस वेचणी सुरू असते, कुणाला वाटतं आता बरं झालं. मग जे आले त्यांचाच निकाल मोजला जातो. चांगले संशोधक किती जण परत आले नाहीत हे स्वच्छ लिहितात. आपण परत तपासणीला गेलो तर आपला फायदा होतोच, शिवाय आपल्या भागातल्या बायकांचा खरा निकाल पण नोंदला जातो.

ऐकण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी ऑपरेशन

कान वाहण्याचे दोन प्रकार आहेत.

एकात पाण्यासारखं किंवा शेंबडासारखं येतं, सर्दी झाली की वाढतं, फार वास नसतो. पडद्याच्या मधोमध छिद्र असतं.

दुसऱ्यात थोडंच येतं पण घाण वास मारतो. कधी रक्त येतं. यात कानाच्या आत कातडीसारखा थर वाढत जातो आणि आजूबाजूचं हाड कुरतडतो. डॉक्टर त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कान धोक्याचा. चेहऱ्याची नस अडकून तोंड वाकडं होऊ शकतं, चक्कर येऊ शकते, पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी कानामागचं हाड उघडून आजार साफ करावा लागतो, त्याला मास्टॉइडचं ऑपरेशन म्हणतात.

या ऑपरेशनचा पहिला हेतू आजार काढून कान कोरडा आणि सुरक्षित करणं हा असतो. ऐकू येणं नंतरचं. कधी कधी ऐकणं आहे तेवढंच राहतं, कधी थोडं कमी पण होतं. हे आधी समजलं नाही तर घरचे म्हणतात, "पैसे पाण्यात गेले." तसं नसतं, पण ते आधी सांगायला आणि विचारायला पाहिजे. हा आजार परत उद्भवू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी चुकवायची नाही.

वाहत्या कानासोबत जोराचं डोकं दुखणं, ताप, उलट्या, चक्कर, तोंड वाकडं होणं किंवा कानामागं सूज यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका.

बायकांमध्ये जास्त आढळणारा एक आजार

काही जणींचा कान कधी वाहिलेला नसतो, पडदा धडधाकट असतो, तरी विशी-तिशीनंतर हळूहळू ऐकू कमी येतं. यात रिकीब हे हाड जाम होतं. याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो साधारण दुप्पट आढळतो. गंमत म्हणजे या बायकांना पिठाच्या गिरणीत, गोंगाटात समोरच्याचं बोलणं उलट बरं ऐकू येतं. गरोदरपणात ऐकणं आणखी कमी झालं असं काही जणी सांगतात, पण संशोधकांचं यावर एकमत नाही.

1956 साली अमेरिकेतल्या जॉन शे या डॉक्टरांनी जाम झालेलं हाड काढून त्या जागी बारीक कृत्रिम दांडी बसवली. आज अनुभवी हातात या ऑपरेशनचा निकाल कानाच्या ऑपरेशनांमध्ये सगळ्यात चांगल्या निकालांपैकी आहे. शंभरात जवळपास नव्वद जणांचा तो "फरक" 10 डेसिबलच्या आत येतो. शंभरात एखाद्याला मात्र त्या कानानं कायमचं ऐकू येणं बंद होऊ शकतं. म्हणून मशीन लावणं हा पण पर्याय असतो, आणि तो डॉक्टरांनी सांगितला पाहिजे.

जन्मतः ऐकू न येणारं लेकरू: इथं वेळ सगळ्यात महत्त्वाची

अमेरिकेत 1998 साली 150 मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत मिळाली, त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. 2010 साली कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या 188 मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आला. त्यातही जितकं लवकर इम्प्लांट, तितकी भाषा चांगली असं दिसलं. मेंदूत भाषा रुजायचा हंगाम पहिल्या काही वर्षांचाच असतो. "मुलगा आहे, उशिरा बोलतो, त्याचा बाप पण उशिरा बोलला" या बोलण्यात तो हंगाम निघून जातो.

इम्प्लांट म्हणजे आतल्या शंखात बारीक तार बसवतात आणि बाहेर कानामागं यंत्र लावतात. ऑस्ट्रेलियात डॉ. ग्रॅमी क्लार्क यांनी 1978 साली अनेक तारांचं असं इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं. आपल्याकडं मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव या कामात मोठं आहे. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलाच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईत वांद्र्याला 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाचा समन्वय करते. योजनेत वयाची अट आहे, म्हणून उशीर नको. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकराबद्दल स्वतः सांगा. हा कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि जन्मतः बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. इम्प्लांटच्या ऑपरेशनपासून खरं काम सुरू होतं. पुढं दोन-तीन वर्षं बोलण्याचं प्रशिक्षण लागतं, आईला रोज वेळ द्यावा लागतो, यंत्राची बॅटरी आणि सुटे भाग यांचा खर्च असतो. याची तयारी नसेल तर महागडं यंत्र कपाटात पडतं.

ऑपरेशन लागूच नये म्हणून

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात जगात साडेसहा कोटी ते 33 कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यातल्या सुमारे 60 टक्के लोकांना कमी ऐकू येतं असा अंदाज दिला आहे. भारत सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या देशांत होता. यातलं बरंच टाळता येतं.

कानात गरम तेल, लसणाचं तेल, दूध, कुठलाही रस घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट आत जातं. काडेपेटीची काडी, केसाची पिन, किल्ली कानात घालू नका. बाजारात बसणाऱ्या कान कोरणाऱ्याकडं जाऊ नका. लेकराला आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नका. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना कानाचे आजार कमी होतात. घरात बिडी-सिगारेटचा धूर नको. सर्दी अंगावर काढू नका.

कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कपड्याची वात करून कोरडा करा आणि डॉक्टरांकडं जा. अनेक अभ्यासांच्या आढाव्यातून दिसलं आहे की वाहता कान कोरडा करायला तोंडानं घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कानात टाकायचे योग्य थेंब जास्त उपयोगी पडतात. पण काही थेंब फाटलेल्या पडद्यातून आत जाऊन शंखाला इजा करू शकतात. म्हणून मेडिकलवरून स्वतःच्या मनानं, किंवा शेजारणीच्या बाटलीतले थेंब टाकू नका.

ऑपरेशन ठरलं तर घराची तयारी

हे कागदावर लिहून देत नाहीत, पण इथंच गाडी अडते. पडदा धरेपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि डॉक्टर साधारणपणे काही आठवडे जड उचलू नका असं सांगतात. आपल्या बायकांच्या बाबतीत याचा अर्थ डोक्यावर पाण्याचा हंडा नाही, चाऱ्याचा भारा नाही, कापसाचं गाठोडं नाही. चौथ्या दिवशी बाई शेतात उभी राहिली तर पडदा बसला नाही याचा दोष तिच्यावर किंवा डॉक्टरवर जातो. म्हणून ऑपरेशनची तारीख वेचणी आणि काढणी सोडून घ्या. घरात पाणी कोण भरणार हे आधी ठरवा. गटातल्या मैत्रिणींनी आळीपाळीनं चार दिवस हात लावला तर कर्जाइतकीच मदत होते.

धोके पण विचारून घ्या. पडदा परत उघडू शकतो. जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलू शकते. कानात आवाज किंवा चक्कर येऊ शकते. क्वचित चेहऱ्याच्या नसेला इजा होते किंवा त्या कानाचं ऐकणं जातं.

पैशाचं आणि ठिकाणाचं

कर्जाआधी योजना बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे आणि कानाच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा 155388 या टोल फ्री क्रमांकावर विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, नावं दोन्हीकडं सारखी आहेत का ते आधीच बघा.

पिंगळीहून सगळ्यात जवळ परभणीचं जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्यापुढं नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आणि संभाजीनगरची घाटी. दोन्ही कानांचं ऐकणं खूपच कमी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल नुकसान असेल तर "कमी ऐकू येणारी" आणि 70 किंवा जास्त असेल तर "कर्णबधिर" व्यक्ती मानतात.

"आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?" असं विचारलं तर

वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर ऑपरेशनच्या निकालावर अभ्यास करतात. तुम्हालाही विचारलं जाऊ शकतं. घाबरून नाही म्हणू नका आणि न वाचता अंगठा पण देऊ नका. आपल्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवलं पाहिजे. कागदाची एक प्रत मागून घ्या. अभ्यासासाठी लागणाऱ्या जादा तपासणीचे पैसे आपण द्यायचे नसतात. मधेच बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. काही अभ्यासांत कुणाला कुठली पद्धत हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवतात, म्हणजे तुलना सरळ होते. तसं असेल तर ते आधी सांगितलं पाहिजे. अशा अभ्यासाला दवाखान्याच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, ती आहे का हे बिनधास्त विचारा.

हे प्रश्न कापून जपून ठेवा

1. बिघाड पडद्यात, हाडात की आतल्या नसेत?
2. दोन रेघांमधला फरक किती डेसिबल?
3. हे ऑपरेशन ऐकू येण्यासाठी आहे की आजार काढण्यासाठी?
4. पडदा बसायची शक्यता किती, आणि ऐकणं सुधारायची किती?
5. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? मशीन चालेल का?
6. किती दिवस काम करायचं नाही?
7. ऑपरेशननंतर ऑडिओमेट्री परत कधी? (साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षभरानं विचारा. आधीचा कागद जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते.)

शेवटी मुलींबद्दल. "लग्न जमल्यावर बघू" किंवा "मशीन लावलं तर स्थळं येणार नाहीत" हे मी अनेक घरांत ऐकते. कान वाहत राहिला की आतली हाडं झिजत जातात आणि नंतर ऑपरेशन करूनही कमी मिळतं. शाळेतले सगळे दिवस ती पोरगी अर्धवट ऐकून काढते आणि अभ्यासात मागं पडली की तिलाच बोल लागतो. तिची तपासणी या महिन्यात करा.

पुढच्या बैठकीत हा लेख सचिव ताईंनी मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि मागं बसणाऱ्या ताईला पुढं, वाचणाऱ्याच्या समोर बसवावं. ज्या घरात कान वाहणारं किंवा कमी ऐकणारं कुणी आहे त्यांची यादी करून ग्रामसंघाकडं द्या. यादी आली की आशाताईंशी बोलून सगळ्यांना एकाच दिवशी परभणीला तपासणीसाठी नेता येईल, म्हणजे गाडीभाडं पण वाटून घेता येईल. ज्यांना खरंच पैशाची नड आहे त्यांच्यासाठी जोखीम प्रवणता निधीतून काय करता येईल ते ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, पिंगळी